पदत्यागाचे निवेदन आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

मंत्रिपद सोडताना माणसाने काय बोलावे, याचे शास्त्र कोठे लिहिलेले नाही. बहुतेक जण प्रकृतीकडे बोट दाखवितात. काही 'वैयक्तिक कारण' एवढ्यावर भागवितात. आणि मग वर्तमानपत्रे आठ दिवस तर्क लढवीत बसतात. ज्या पदाचा कारभार सर्व जनतेच्या नावाने चालतो, ते पद सोडण्याचे कारण मात्र जनतेस कळू नये, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, एखाद्याने खरे कारण सांगितले तर आपणच दचकतो. म्हणून आज वाचकांपुढे एक जुने निवेदन ठेवावयाचे आम्ही योजिले आहे. ते ऑक्टोबर १९५१ मधील असून त्याचे कर्ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. आमच्या भंडारा जिल्ह्याचा या निवेदनाशी संबंध असा की, ते दिल्यानंतर अडीच वर्षांनी डॉक्टर लोकसभेत जाण्यासाठी कौल मागावयास आले ते याच जिल्ह्यात, आणि येथील मतदारांनी तो दिला नाही. वाचकांच्या घरांशी असलेला संबंध याहूनही जवळचा आहे. तो ओघाने येईलच.

डॉक्टरांचे चरित्र महाराष्ट्रात शाळकरी मुलासही ठाऊक आहे, तेव्हा त्याचा विस्तार येथे नको. १८९१ साली महू येथे जन्म, मुंबईत शिक्षण, बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठ, पुढे लंडनची डी. एस्‌सी. आणि बॅरिस्टरी, १९२७ साली महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. ज्याचा विचार या लेखात करावयाचा तो भाग मात्र १९४२ पासून सुरू होतो. त्या वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांस मजूर खाते मिळाले. त्याच्या जोडीला सार्वजनिक बांधकामाचे मध्यवर्ती खातेही त्यांच्याकडे असे, आणि नद्यांवरील मोठ्या योजनांची पुष्कळशी आखणी त्यांच्या देखरेखीखाली होई. चार वर्षे हे काम केलेला मनुष्य पुढे जी तक्रार करणार होता, तिचे मूळ या अनुभवात आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पहिले मंत्रिमंडळ बनले तेव्हा डॉक्टर काँग्रेसचे सभासद नव्हते. वीस वर्षे ते त्या पक्षाशी झगडत आले होते. तरीही पंडित नेहरूंनी त्यांस बोलाविले आणि ते गेले. २९ ऑगस्ट रोजी नेमलेल्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली. या दोन वर्षांच्या कष्टांविषयी इतके लिहून झाले आहे की, त्यात भर घालणे म्हणजे सूर्याला निरांजन दाखविणे. परंतु ज्या कामासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले ते काम घटनेचे नव्हते. ते हिंदू कोड बिलाचे होते.

सप्टेंबर १९५१ च्या २७ तारखेस, गुरुवारी, त्यांनी पंतप्रधानांस राजीनामा लिहून दिला. तो दुसऱ्या दिवशी स्वीकारला गेला. तथापि अधिवेशन संपेपर्यंत काम पाहावे अशी विनंती झाल्यामुळे ते थांबले. त्यानंतर संसदेत निवेदन करावयाचे ठरले. त्या दिवशी अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार होते. निवेदनाची प्रत आधी आपणांस दाखविली गेली पाहिजे, आणि ते सायंकाळी सहा वाजता करावे, असे त्यांनी सुचविले. डॉक्टरांनी ही अट मानली नाही. आपण आता मंत्री राहिलो नाही आणि असली बंधने सोसणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ते सभागृहातून उठून गेले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. ज्या मनुष्याने संसदेची घटना कलम कलम करून रचली, त्याचे मंत्री म्हणून शेवटचे बोलणे संसदेच्या दप्तरात न जाता छापखान्यात गेले. या प्रसंगात दोष कोणाचा, यावर मतभेद होऊ शकतो. सभागृहात काय बोलले जाणार याची कल्पना अध्यक्षांस असावी, हे म्हणणे अगदीच निराधार नव्हे. पण राजीनामा देणाऱ्याच्या मनोगतावर आधी नजर फिरवून मग ते बोलू द्यावयाचे, याला मनोगत म्हणता येईल काय? आमचे मत डॉक्टरांच्या बाजूचे आहे.

निवेदनाच्या आरंभीच त्यांनी हा प्रश्न घेतला आहे की, जाणाऱ्या मंत्र्याने बोलावे किंवा नाही. काही मंत्री न बोलता गेले, काही बोलून गेले. एकच एक प्रघात नाही, हे त्यांनी मान्य केले. एप्रिल १९५० मध्ये श्यामाप्रसाद मुखर्जी पाकिस्तानशी झालेल्या करारावरून बाहेर पडले तेव्हा त्यांनी संसदेत कारणे सांगितली होती, हे उदाहरण ताजे होते. बराच विचार करून डॉक्टर या निर्णयास आले की, बोलणे हे केवळ क्षम्य नसून कर्तव्य आहे. आपण आजारी आहो म्हणून गेलो अशी समजूत कोणी करून घेऊ नये, हेही त्यांनी बजावले. वास्तविक त्यांची प्रकृती त्या वेळी खरोखरीच ढासळली होती. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी पंतप्रधानांस लिहिलेल्या पत्रात आपल्या प्रकृतीचा हवाला देऊन त्यांनी बिल लवकर घेण्याची विनंती केली होती. म्हणजे आडोसा घ्यावयाचा तर तो हाताशी होता, आणि खराही होता. तो त्यांनी घेतला नाही.

आता कारणांकडे वळू. ती पाच आहेत, पण सर्व सारख्या वजनाची नाहीत.

पहिले कारण वाचताना आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या मनुष्यास थोडा संकोच होतो. कारण ते स्वतःविषयी आहे. कायदे खाते म्हणजे ज्यात कारभाराचे काही काम नाही असे रिकामे खोके, याची कल्पना त्यांस आरंभापासून होती. म्हणून योजनेचे खाते आपणांस मिळेल असे आश्वासन पंतप्रधानांकडून घेतले गेले होते. ते खाते निघाले तेव्हा त्यांस मिळाले नाही. इतर मंत्र्यांकडे दोन दोन, तीन तीन खाती. कोणी परदेशी गेला तर त्याचे खाते चार दिवस सांभाळण्यासही यांची आठवण होत नसे. परराष्ट्र, संरक्षण, अर्थ या विषयांच्या मंत्रिसमित्यांतही त्यांस मुख्य स्थान नव्हते. ही तक्रार पहिल्याने मांडावयास नको होती, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हांस मात्र असे वाटते की, ज्याने अर्थशास्त्रात लंडनची सर्वोच्च पदवी घेतली आणि चार वर्षे धरणांची व कामगारांची खाती चालविली, त्याने केवळ कलमांची भाषा तपासत बसावे, हे नुकसान त्याचे एकट्याचे नव्हते. आणि मनात सल असताना तो वगळून केवळ तत्त्वाची चार कारणे सांगणे, हे अधिक शोभिवंत झाले असते, पण कमी खरे झाले असते.

दुसरे कारण मागासलेल्या वर्गांच्या व अस्पृश्यांच्या उपेक्षेचे. घटनेत तरतूद असूनही मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला गेला नव्हता, ही त्यातली नेमकी तक्रार. (हा आयोग पुढे जानेवारी १९५३ मध्ये नेमला गेला, आणि त्याचे अध्यक्ष आपले काकासाहेब कालेलकर होते.) तिसरे परराष्ट्रनीतीचे. चार वर्षांत आपण मित्र गमाविले, साडेतीनशे कोटींच्या उत्पन्नातून एकशे ऐंशी कोटी सैन्यावर खर्च करावे लागतात, याचे कारण ते काश्मीरच्या धोरणात पाहत. काश्मीरविषयी त्यांनी जो तोडगा सुचविला, तो आज वाचणाऱ्यास सहजासहजी पटणार नाही. आम्हांसही तो पटत नाही. चौथे कारण असे की, मंत्रिमंडळ हे विचार करण्याचे ठिकाण न राहता समित्यांनी आधीच ठरविलेल्या गोष्टींची नोंद करणारी कचेरी झाले आहे. या चौथ्या कारणाकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्याचा प्रतिध्वनी पुढे कसा उठला ते खाली सांगू.

पाचवे कारण हिंदू कोडाचे. आणि येथे निवेदनाचा आवाज बदलतो.

हा विषय आमच्या वाचकांच्या घरचा आहे, म्हणून थोडे मागे जाऊन पाहणे अवश्य आहे. महाराष्ट्रात व वऱ्हाड-नागपुराकडे वारसाहक्काचे आपले जुने शास्त्र म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली. बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग चाले. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. कन्येचा होत नाही. विधवेस अन्नवस्त्र मिळे. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांच्या खटपटीने जो कायदा झाला त्याने तिला पतीचा हिस्सा मिळू लागला, पण तो हयातीपुरता; विकण्याचा, देण्याचा अधिकार नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे आयुष्य या कायद्याखाली गेले. ज्या घरी केशवपन केलेली आत्याबाई माजघराच्या अंधारात पोथी वाचीत बसलेली असे, त्या घरी मिताक्षरेचे संस्कृत कोणास येत नसले तरी तिचा अंमल पुरा होता. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी आहोत आणि विज्ञानेश्वराच्या बुद्धीविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु स्त्रीधनाची त्याने केलेली उदार व्याख्या पुढील न्यायाधिकाऱ्यांनी आकुंचित करून ठेविली आणि घरच्या कर्त्या पुरुषांस ती सोयीची वाटली, हेही खरे आहे.

हे सारे एका कायद्यात आणण्याचे काम सर बेनेगल नरसिंग राव यांच्या समितीने १९४१ पासून चालविले होते. त्या मसुद्यात मुलीस मुलाच्या निम्मा वाटा होता. बिल ११ एप्रिल १९४७ रोजी मांडले गेले आणि पुढे डॉक्टरांच्या हाती आल्यावर प्रवर समितीत मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा झाला. स्त्रीस मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची, पुरुषास एकच पत्नी, आणि असह्य झाल्यास घटस्फोट, या त्यातील मुख्य गोष्टी. विरोध किती झाला ते सांगावयास नको. सनातनी मंडळी रस्त्यावर आली. काँग्रेसमधील थोर थोर पुढारी आतून नाखूश होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा विरोध तर सर्वश्रुत आहे. आमच्यासारख्या घरांतूनही, बाहेर सुधारणेवर व्याख्याने देणारे कर्ते पुरुष आत येऊन जमिनीचे तुकडे होतील म्हणून चिंता करीत. चिंता अगदीच खोटी नव्हती. पण चार भावांत तुकडे झालेले चालत, पाचवा तुकडा बहिणीचा निघाला म्हणजेच तो खुपे.

सप्टेंबर १९५१ मध्ये बिल पुन्हा चर्चेस आले. सगळे कोड होत नसेल तर विवाह व घटस्फोट एवढा भाग तरी करावा, असे ठरले. चर्चा चालू राहिली, बोलणाऱ्यांवर वेळेचे बंधन घातले गेले नाही, पक्षाचा आदेश निघाला नाही; आणि जेमतेम चार कलमे संमत झाल्यावर सरकारने बिल सोडून दिले. निवेदनात डॉक्टरांनी यावर जो शोक केला आहे तो एखाद्या घरच्या माणसाच्या मृत्यूवर करावा तसा आहे: चार वर्षे जगून बिल मारले गेले आणि त्याच्यासाठी कोणी रडले नाही. पक्षप्रतोद पंतप्रधानांशी एकनिष्ठ नाही आणि पंतप्रधान मात्र अशा प्रतोदाशी एकनिष्ठ, असा टोलाही आहे. आणि मग ते प्रसिद्ध विधान: वर्गावर्गांतील व स्त्रीपुरुषांतील विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करीत जाणे, म्हणजे उकिरड्यावर राजवाडा बांधणे होय. शब्द कठोर आहे. परंतु ज्याने घटनेतील समतेची कलमे लिहिली, त्याच्याच देखत ती घराच्या उंबरठ्यापाशी अडविली गेली, तेव्हा त्याने मवाळ शब्द कोठून आणावा?

इतकी कारणे होती तर आधीच का गेला नाही, हा आक्षेप येणार हे जाणून त्याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. घटनेचे काम हाती होते. त्यानंतर निवडणुकीचा कायदा आणि मतदारसंघांची आखणी होती. हाती घेतलेले काम अर्धवट टाकून जाणे योग्य वाटले नाही. आणि हिंदू कोडासाठी तर थांबणे भागच होते. या उत्तरातील निवडणुकीच्या कायद्याचा उल्लेख वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण त्याच कायद्याच्या एका कलमाने पुढे आमच्या जिल्ह्यात पोटनिवडणूक ओढवली.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉक्टर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी हरले. लगेच ते राज्यसभेवर गेले. पण लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभेत बसावे, ही इच्छा राहिली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. येथील लोकसभेचा मतदारसंघ दुहेरी. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. १९५२ साली दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसाणी निवडून आले होते. या भागातील विडीचा व्यापार वाचकांस ठाऊक आहेच. जसाणींचा ज्या पेढीत भाग होता तिचा सैनिकांच्या उपाहारगृहांस विड्या पुरविण्याचा सरकारशी करार होता. सरकारी ठेक्यात हितसंबंध असणारा मनुष्य उमेदवार होण्यास अपात्र, असे डॉक्टरांनीच संमत करून घेतलेला १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगत होता.

दुसरा वाद अधिक विलक्षण. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज नामंजूर झाला होता, तो अशा कारणाने की त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला असल्यामुळे ते महार राहिले नाहीत. चक्रधरस्वामींचा पंथ जातिभेद मानीत नाही, म्हणून त्यात शिरणाऱ्याची जात जाते, असा हा तर्क! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूरच्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, निर्णय दिला. पंथाचे मूळ तत्त्व काहीही असो, अनुयायांच्या व्यवहारात जात सुटलेली नाही. जातीने ठवऱ्यांस आपले मानले आणि तेही स्वतःस जातीचे मानीत आले. तेव्हा ते महारच होत. जसाणी अपात्र ठरले, ठवऱ्यांचा अर्ज नाकारणे चूक ठरले, आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. जात सोडू पाहणाऱ्यास जात सोडीत नाही, हे सत्य सर्वोच्च न्यायालयात सिद्ध होण्यास आमच्या भंडाऱ्याचे प्रकरण कारण झाले. पुढे अडीच वर्षांनी नागपुरास जे धर्मांतर झाले, त्याच्या शेजारी हा निकाल ठेवून पाहण्यासारखा आहे.

राखीव जागेसाठी डॉक्टर उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. एप्रिलच्या उन्हात, गुडघ्यांचे दुखणे व मधुमेह अंगावर घेऊन, डॉक्टर वैनगंगेच्या या मुलखात फिरले. उन्हाळ्यात धानाच्या बांध्या कोरड्या असतात, तलाव आटलेले असतात आणि दुपारी सावलीस उभे राहवत नाही, हे येथील रहिवाश्यांस सांगावयास नको. भाषणांत त्यांनी नेहरू सरकारच्या, विशेषतः परराष्ट्रनीतीच्या, चुका दाखविल्या. म्हणजे १९५१ चे निवेदनच ते गावोगावी सांगत होते म्हणावयाचे.

त्या काळी दुहेरी मतदारसंघात प्रत्येक मतदारास दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी. डॉक्टरांच्या काही अनुयायांचा विचार असा झाला की, एक मत बाबासाहेबांस द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, म्हणजे दुसऱ्या कोणाचे पारडे जड होणार नाही. या प्रचारात भाग घेतलेले दत्तोपंत ठेंगडी यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, डॉक्टरांनी हे साफ नाकारले. ज्याने घटना केली त्याच्या सांगण्यावरून मते जाळली जावीत, हे त्यांस मान्य नव्हते. हरलो तरी चालेल, पण हे नको.

मे १९५४ मध्ये निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि डॉक्टर सुमारे ८ हजार मतांनी हरले. या निकालाचा अर्थ नीट पाहावा. त्याच मतदारांनी, त्याच निवडणुकीत, एका जागेवर सरकारविरोधी उमेदवार निवडला आणि दुसऱ्या जागेवर नाकारला. म्हणजे सरकारवरील नाराजी होती. ती मेहतांच्या पेटीपर्यंत पोहोचली आणि डॉक्टरांच्या पेटीपाशी कोठेतरी थांबली. मेहतांस मत देणाऱ्या सवर्ण मतदारांपैकी काहींचा दुसरा हात वळला नाही, याखेरीज दुसरे स्पष्टीकरण आम्हांस सुचत नाही. त्या मतदारांत सुशिक्षित घरे नव्हती असे आम्हांस म्हणता येत नाही. राखीव जागा असली तरी निर्णय सर्वांच्या मतांनी व्हावयाचा, हा पुणे कराराचा परिणाम डॉक्टरांस ठाऊक नव्हता असे नाही. तो त्यांच्याच वाट्यास दोनदा आला, मुंबईस एकदा आणि येथे एकदा. दुहेरी मतदारसंघांची पद्धत पुढे १९६१ साली कायद्याने बंद झाली.

भंडाऱ्यास पोटनिवडणुकांचे वावडे नाही. २०१७ च्या डिसेंबरात नाना पटोले यांनी खासदारकी सोडल्यामुळे मे २०१८ मध्ये पुन्हा एक झाली. पण १९५४ चा निकाल जुन्या माणसांच्या बोलण्यात जसा राहिला तसा दुसरा कोणताही राहिला नाही.

आता त्या चौथ्या कारणाचा प्रतिध्वनी. जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि लोकसभेत कारणे सांगितली. त्यांतील एक मुख्य तक्रार अशी की, मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे न येताच जाहीर करण्यात आला. पाच वर्षांपूर्वी कायदेमंत्र्याने हेच सांगितले होते. दोघेही महाराष्ट्राचे, दोघेही काँग्रेसच्या मुशीत न घडलेले. हा योगायोग आम्ही केवळ नोंदवून ठेवितो. आणि ज्या अशोक मेहतांस भंडाऱ्याने डॉक्टरांच्या जागी म्हणा की जोडीला म्हणा, निवडले, तेही पुढे काँग्रेसमध्ये जाऊन मंत्री झाले आणि ऑगस्ट १९६८ मध्ये, रशियाने चेकोस्लोव्हाकियात सैन्य घातले असता भारताने स्पष्ट निषेध केला नाही म्हणून, पद सोडून बाहेर पडले. १९५४ साली या जिल्ह्यापुढे उभे असलेल्या दोन थोर उमेदवारांपैकी एकाने आधी व दुसऱ्याने नंतर, आपल्याला न पटलेल्या गोष्टीसाठी मंत्रिपद सोडले.

हिंदू कोडाचे पुढे काय झाले? ते तुकड्यातुकड्यांनी झाले. विवाहाचा कायदा मे १९५५ मध्ये, वारसाहक्काचा जून १९५६ मध्ये, पालकत्वाचा आणि दत्तक व पोटगीचा त्याच वर्षी. भाऊराव बोरकरांच्या निधनानंतर १९५५ साली त्यांच्या पत्नी अनुसयाबाई भंडाऱ्यातून लोकसभेत गेल्या होत्या; म्हणजे वारसाहक्काचा कायदा झाला तेव्हा या जिल्ह्याच्या बाकावर एक स्त्री बसत होती. डॉक्टर तेव्हा राज्यसभेत होते. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

१९५६ च्या कायद्याने स्त्रीस पूर्ण मालकी दिली, बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका वाटा दिला. पण जन्मसिद्ध सहदायादाचा हक्क पुत्रांकडेच ठेविला. राहत्या घराविषयी तर तेविसावे कलम असे होते की, भाऊ आपसात वाटणी करावयाचे ठरवीपर्यंत बहिणीने घराची वाटणी मागू नये. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात राहणाऱ्यांस या कलमाचे महत्त्व सांगावयास नको. महाराष्ट्राने १९९४ साली, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, सहदायादाचा हक्क दिला. सप्टेंबर २००५ पासून तो सर्व देशात सर्व मुलींस मिळाला आणि तेविसावे कलम गेले. बाप २००५ साली हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मतःच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निःसंदिग्ध सांगितले. ज्या समतेसाठी १९५१ साली एका मंत्र्याने पद सोडले, ती कागदावर पुरी व्हावयास चोपन्न वर्षे लागली.

कागदावर म्हणण्याचे कारण आहे. आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांकडे आजूबाजूची माणसे कागद वाचून घेण्यास येतात. गेल्या काही वर्षांत जो कागद सर्वांत अधिक वेळा हाती येतो, तो हक्कसोडपत्राचा. वडील वारले, तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली, सात-बारावर बहिणींची नावे लागली, की दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच हा कागद तयार होतो. बहिणींस एक दिवस बोलावून घ्यावयाचे, जेवण व्हावयाचे, साडीचोळी व्हावयाची, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सह्या. कागदात लिहिलेले असते की, हक्क राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता सोडला. यांत काही बहिणी खरोखरीच राजीखुशीने सोडतात. भावाची ओढाताण त्यांस दिसत असते, आणि तिचा आदर केला पाहिजे. पण आम्ही असेही पाहिले आहे की, पदवीधर, नोकरीस असलेली मुलगी कागद न वाचता सही करते, कारण वाचावयास मागितला तर माहेर तुटेल अशी तिला भीती असते. दिवाणखान्यात घटनाकारांची तसबीर लावणारी आणि गच्चीवर त्यांच्यावर व्याख्यान ठेवणारी घरेही यास अपवाद नाहीत.

१९५१ चे ते निवेदन मूळ इंग्रजीत आहे. महाराष्ट्र शासनाने डॉक्टरांचे लेखन व भाषणे यांचे जे खंड काढले, त्यांतील चौदाव्या खंडाच्या दुसऱ्या भागात, हिंदू कोडावरील चर्चांच्या पाठोपाठ, ते छापलेले आहे. खंड जाड असला तरी निवेदन थोडक्या पानांचे आहे. सावकाश वाचले तरी घटकाभरात संपते. ज्या घरी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार झाला असेल, त्या घरी सहीपूर्वी एका सायंकाळी सर्वांनी एकत्र बसावे, जिच्याकडून सही घ्यावयाची तिलाच ते मोठ्याने वाचावयास सांगावे, आणि मग हवा तर कागद तिच्यापुढे करावा.